जाण्याचा हक्क, येण्याची मुभा

एखाद्याकडे वैध पासपोर्ट आहे, विमानाचं तिकीट आहे, खिशात पुरेसे पैसे आहेत, पोलिसांत एकही तक्रार नाही. तरी मुंबई विमानतळावर बोर्डिंग पास देणारी कर्मचारी त्याला थांबवते, कारण जिथे जायचं त्या देशाचा व्हिसा पासपोर्टवर नाही. तो देश हजारो किलोमीटर लांब आहे. त्याचा एकही अधिकारी इथे हजर नाही. मग या माणसाला नेमकं अडवलं कुणी? आणि भारत सरकारने पासपोर्ट देऊन जायची मोकळीक दिलेली असताना त्याचा जाण्याचा हक्क कुठे गेला?

स्थलांतर, सीमा आणि मानवी हक्क यांवरच्या पुस्तकांची मांडणी बहुधा या दोन प्रश्नांभोवती फिरते. त्यांत अमेरिका-मेक्सिकोची भिंत येते, भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या होड्या येतात. मराठी वाचकाला मात्र इतक्या दूर जायची गरज नाही. पनवेलच्या जुन्या गावात १८४९ साली बांधलेलं बेथ एल सिनेगॉग आहे. ते बांधणाऱ्या बेने इस्रायली या मराठीभाषक ज्यू समाजातले बहुसंख्य लोक १९४८ नंतरच्या काही दशकांत देश सोडून मुख्यतः इस्रायलला गेले. सीमा कशी चालते, ती कुठे सुरू होते आणि ओलांडल्यावरही कशी संपत नाही, हे त्यांच्या गोष्टीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

अर्धाच लिहिलेला हक्क

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचं तेरावं कलम सांगतं की कोणालाही कोणताही देश, अगदी स्वतःचाही, सोडून जाण्याचा आणि आपल्या देशात परत येण्याचा हक्क आहे. दुसऱ्या देशात प्रवेश मिळवण्याचा हक्क त्यात कुठेच नाही. ही विसरभोळेपणाने राहिलेली गोष्ट नव्हती. आपल्या हद्दीत कोणाला घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार सोडायला एकही सरकार तयार नव्हतं. चौदावं कलम छळापासून आश्रय मागण्याचा हक्क देतं, पण तो आश्रय द्यायलाच हवा असं बंधन ते कोणत्याही देशावर घालत नाही. १९५१च्या निर्वासित करारात थोडी भर पडली: जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलू नये, असं ठरलं. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली होती, आणि पुढे तिबेटी निर्वासितांना भारताने थारा दिला. आपल्याकडे आश्रय मिळाला तो त्या त्या वेळच्या सरकारच्या निर्णयाने. कायद्याने दिलेला हक्क म्हणून कोणी तो मागू शकत नव्हतं, आजही शकत नाही.

जाण्याचा हक्कसुद्धा भारतीयाला आपोआप मिळालेला नाही. १९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी सतवंत सिंग सॉहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, आणि मग त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. १९७८च्या मनेका गांधी खटल्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं: पासपोर्ट काढून घ्यायचा तर त्यासाठीची पद्धत न्याय्य हवी. अपवाद आजही आहेत. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचं असेल, तर १९८३च्या कायद्यानुसार आधी सरकारी मंजुरी लागते. कोकणातल्या कित्येक घरांना पासपोर्टवरचा 'ईसीआर' हा शेरा चांगला ठाऊक आहे. कामगाराची फसवणूक होऊ नये हा त्यामागचा हेतू आहे, पण शिक्षण कमी म्हणून जाण्याचा हक्कही थोडा कमी, असा त्याचा परिणाम होतो.

आता विमानतळाच्या काउंटरवरच्या त्या कर्मचारी महिलेकडे पुन्हा वळू. योग्य कागदपत्रं नसलेला प्रवासी आणला तर बहुतेक देश विमान कंपनीला दंड करतात. भारतात २०००च्या कायद्याने हा दंड प्रवाशामागे एक लाख रुपये होता. २०२५च्या परकीय नागरिकविषयक नव्या कायद्याने जुना कायदा रद्द केला, पण जबाबदारी कंपनीवरच ठेवली. म्हणजे दंडाच्या भीतीने कंपनी परक्या देशाची पहारेकरी बनते. नकाशावरची सीमा मुंबईच्या काउंटरपर्यंत सरकत येते, आणि तिथे नकार देणारी व्यक्ती सरकारी नसल्यामुळे त्या नकाराविरुद्ध दाद मागायची सोयही जवळपास नसते. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. गाढी नदीच्या काठी जगातल्या कितीतरी देशांच्या सीमा येऊन उभ्या राहणार, असा त्याचा एक अर्थ आहे.

सीमा नेहमीच अशा नव्हत्या. जॉन टॉर्पी यांनी पासपोर्टच्या जन्मावर लिहिलेल्या पुस्तकात दाखवलंय की कोणी कुठे जायचं हे ठरवण्याची मक्तेदारी सरकारांनी हळूहळू आपल्याकडे घेतली, आणि पहिल्या महायुद्धाने ती पक्की केली. या मक्तेदारीची झळ भारतीयांना त्याआधीच बसली होती. १९१४ साली कोमागाता मारू जहाजातले ३७६ प्रवासी व्हँकूव्हरला पोचले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही, मायदेशातून न थांबता थेट प्रवास केला नाही असं कारण दाखवून त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवलं गेलं. तेव्हा भारतातून कॅनडाला थेट जाणारं जहाजच नव्हतं. 'भारतीय नकोत' असा एक शब्दही नियमात न लिहिता भारतीयांना रोखायची ही युक्ती होती.

पनवेलकर, पेणकर, किहीमकर

बेने इस्रायली समाजाची परंपरा अशी की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. आजच्या रायगडातल्या गावांत ते घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावाच्या नावावरून आडनावं आली: पनवेलकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, रोहेकर. घरात मराठी, पेहरावही इथलाच. सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. इंग्रजी अमलात बरेच जण मुंबईला आले आणि फौज, रेल्वे, टपाल, कस्टम्स, दवाखाने यांत नोकरीला लागले.

त्यांनी देश का सोडला, याचं एकच एक उत्तर नाही. भारतात ज्यू म्हणून छळ झाला नाही, हे या समाजातले लोक स्वतःच आवर्जून सांगत आले आहेत. धर्माची ओढ होती. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचं काय होणार, ही चिंता होती. आणि एकदा भाऊ गेला की मागोमाग बहीण जाते, हा सगळ्या स्थलांतरांचा अनुभव इथेही होता. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात साधारण वीस हजार बेने इस्रायली होते. आज चार-पाच हजार उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा समाजातले बहुतेक जण केव्हाच परदेशी स्थायिक झालेले होते.

उघडलेलं दार

दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क कोणालाच नसतो, असं आपण वर पाहिलं. इस्रायलने ५ जुलै १९५० रोजी केलेला परतीचा कायदा या नियमाला ठळक अपवाद आहे. जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे, असं तो सांगतो. १९५२च्या कायद्याने अशा माणसाला नागरिकत्वही मिळू लागलं. पनवेलचा तेली आणि न्यूयॉर्कचा प्राध्यापक या कायद्यापुढे समान होते.

याच भूमीवर दुसऱ्यांसाठी दार बंद झालं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरांतून परागंदा झाले. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक १९४ संमत केला. शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. ते घडलं नाही. शतकानुशतकं ज्या भूमीवर पाऊल ठेवलं नव्हतं तिथे 'परतण्याचा' हक्क कोकणातल्या कुटुंबाला मिळाला, आणि काही महिन्यांपूर्वी जिथे राहत होते तिथे परतणं जाफाच्या पॅलेस्टिनी कुटुंबाला नाकारलं गेलं. दार कोणासाठी उघडायचं हे ठरवणाराच 'परत येणं' म्हणजे काय तेही ठरवतो. माझ्या मते सीमांच्या अभ्यासातली ही सर्वांत जड गोष्ट आहे, आणि कोणत्याही एका बाजूच्या घोषणेत ती मावत नाही.

ओटी, माजघर, देवघर

कोकणातल्या जुन्या घरात पाहुण्याला ओटीवर बसवायचे. माजघरात जाणारा जवळचा असायचा. देवघरापर्यंत कोणाला न्यायचं, हे घरची मंडळी आणखी बारकाईने ठरवायची. देशाचं घरही असंच असतं. हद्दीत येऊ देणं ही ओटी. राहण्याचा हक्क आणि नागरिकत्व हे माजघर. आणि नागरिक झाल्यावर इतरांच्या बरोबरीने वागवलं जाणं, लग्न, नोकरी, मानमरातब, हे देवघर. प्रत्येक उंबरठ्यावर विचारणारा वेगळा असतो आणि त्याचा प्रश्नही वेगळा असतो.

बेने इस्रायलींचे पहिले दोन उंबरठे झटपट पार झाले. तरी १९५१-५२ मध्येच, वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बीरशेबाच्या बाजूला वसवलेल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि उपोषण केलं. काम आणि घर देताना रंगावरून भेदभाव होतो, आम्हाला भारतात परत पाठवा, अशी त्यांची मागणी होती. शंभराहून अधिक जण खरोखर मुंबईला परत आले. त्यांतले अनेक जण नंतर पुन्हा इस्रायलला गेले. स्थलांतर म्हणजे एकदाच उचललेलं पाऊल, असं आपण धरून चालतो. ते बहुतेक वेळा असं पुढेमागे होत होत घडतं.

खरा पेच देवघराशी आला. इस्रायलमध्ये नोंदणी विवाह नाही. तुर्की अमलापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक धर्माच्या लोकांचं लग्न त्यांच्या धर्मसंस्थेनेच लावायचं, आणि १९५३च्या कायद्याने ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट धर्मगुरूंच्या न्यायालयांकडे सोपवले. काही धर्मगुरू बेने इस्रायली मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावायला नकार देऊ लागले. शंका दोन होत्या. इतक्या पिढ्या एकट्या राहिलेल्या या समाजात ज्यू नसलेल्या बायका आल्या असतील का? आणि त्यांच्यातले घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का? शास्त्रोक्त घटस्फोट न घेता एखाद्या बाईने दुसरं लग्न केलं असेल, तर त्या लग्नातल्या मुलांवर आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर विवाहाची बंधनं येतात, असा तो नियम आहे.

१९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींशी विवाह करायला हरकत नाही असा निर्वाळा दिला. मुख्य धर्मगुरू तेव्हा यित्झाक निस्सिम होते. पण १९६२ मध्ये सूचना निघाल्या, आणि त्यांनी दिलेलं काढून घेतलं. बेने इस्रायली अर्जदार आला की त्याच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असं त्यांत होतं. विमानतळावर ज्यू म्हणून ज्यांचं स्वागत झालं होतं, त्यांना लग्नाच्या दिवशी ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला.

चौकट: चार शब्द

पासपोर्ट म्हणजे 'हा आमचा माणूस' असं एका सरकारने दुसऱ्याला सांगणं. त्याने प्रवेश मिळत नाही. व्हिसा म्हणजे दुसऱ्या सरकारने दिलेली येण्याची मुभा, तीही दारात पोचल्यावर नाकारता येते. नागरिकत्व म्हणजे राहण्याचा, परतण्याचा आणि राज्यकारभारात भाग घेण्याचा कायमचा हक्क. ते जन्मस्थळावरून, आईवडिलांवरून किंवा अर्ज करून मिळतं. आश्रय म्हणजे छळातून पळून आलेल्याला दिलेलं संरक्षण, आणि ते मागण्यासाठी आधी दारापर्यंत पोचावं लागतं.

पुरावा कोणी द्यायचा?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेणजवळच्या खेड्यात एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या पणजीची आई ज्यू होती, हे कशावरून सिद्ध करणार? जन्माचा दाखला नाही. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदाच १९६९ चा. शाळेत ती गेलेली नाही. समाजाचा पहिला सविस्तर इतिहास हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यातही घराघरांची वंशावळ असणं शक्य नव्हतं. जे घडलं नाही ते घडलं नाही असं दाखवायला सांगणं म्हणजे अर्जदाराला हरवायचं आधीच ठरवणं.

या शंकेला समाजाच्या आतूनही थोडं खतपाणी मिळालं होतं, हे मान्य करायला हवं. बेने इस्रायलींमध्ये 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल असा भेद होता. मिश्र लग्नांतून आलेले ते 'काळे', त्यांच्याशी सोयरीक नको. कोकणातल्या जातिव्यवस्थेची ही सावली होती. ज्या चाळणीतून त्यांनी आपल्यातल्याच काहींना वगळलं, तशीच चाळणी परदेशात त्यांच्यापुढे आली. म्हणून त्यांच्यावरचा अन्याय जराही कमी होत नाही. सीमा आखायला सरकारच लागतं असं नाही, एवढं मात्र कळतं.

पुराव्याचं ओझं कोणावर टाकलं आहे हे पाहिलं की कोणत्याही सीमाव्यवस्थेचा स्वभाव कळतो. फौजदारी खटल्यात गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. भारताच्या १९४६च्या परकीय नागरिक कायद्यात याच्या उलट होतं: आपण परकीय नाही, हे संबंधित माणसानेच दाखवायचं. २०२५च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीची अंतिम यादी आली, तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसं तिच्याबाहेर राहिली. जुने कागद जपणं ज्या घरांना परवडतं तीच घरं अशा परीक्षेत पास होतात. दरवर्षी पुरात घर जाणाऱ्या माणसाने आजोबांचा दाखला कुठे ठेवायचा?

नागरिकत्वाचे नियमही हळूहळू बदलत जातात. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असायला हवेत. ३ डिसेंबर २००४ पासून एक पालक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. एकाच दवाखान्यात, एकाच खाटेवर जन्मलेल्या तीन मुलांना फक्त तारखेमुळे तीन वेगळे नियम लागू होतात.

दार कसं उघडलं

बेने इस्रायली गप्प बसले नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात देशभरातून लोक जेरुसलेमला जमले आणि स्थलांतरितांना वसवणाऱ्या ज्यू एजन्सी या संस्थेच्या कार्यालयापुढे त्यांनी धरणं धरलं. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेची खास बैठक झाली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांना सर्व हक्क आहेत. त्यानंतर धर्मपीठाने सूचनेतून समाजाचं नाव काढलं. ज्याच्याबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असे शब्द आले. एका समाजाकडे दाखवलेलं बोट खाली आलं, शंका घेण्याचा अधिकार मात्र तसाच राहिला. या लढ्यावर जोसेफ होडेस यांचं 'फ्रॉम इंडिया टू इस्रायल' हे पुस्तक आहे. या विषयात शिरायला ते मला फार उपयोगी वाटतं, कारण त्यात स्थलांतरित माणसं दयेची याचना करताना दिसत नाहीत, हिशेब मागताना दिसतात.

हा लढा जिंकता आला, कारण ते तोवर नागरिक झाले होते. त्यांना मत होतं, धरणं धरता येत होतं, आणि हाकलून दिलं जाण्याची भीती नव्हती. राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी १९५१च्या आपल्या ग्रंथात नेमकं हेच मांडलं होतं. त्या स्वतः कित्येक वर्षं कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. त्यांचा मुद्दा असा की माणूस म्हणून हक्क आहेत असं आपण म्हणतो, पण एखाद्या राज्यात सदस्य म्हणून जागा नसेल तर ते हक्क मागायचे कोणाकडे? ओटीवरच उभा असलेला माणूस देवघराच्या हक्काचा आग्रह धरू शकत नाही. कागद नसलेल्या मजुराला पगार बुडाला तरी पोलिसांत जायची भीती वाटते ती याचमुळे.

१९७० मध्ये परतीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर केलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. त्याच वेळी ज्यू माणसाची मुलं, नातवंडं आणि त्या सगळ्यांचे जोडीदार यांनाही येण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे आज नातवाला इस्रायलचं नागरिकत्व मिळतं, पण धर्मपीठाच्या लेखी तो ज्यू नसतो आणि त्याचं तिथे ज्यू म्हणून लग्न लागत नाही. अशी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन नोंद करून घेतात.

उलट दिशेचा प्रवास

आता विरुद्ध बाजूने पाहू. भारताची राज्यघटना आणि १९५५चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की भारताचं जातं. जाहीरनाम्यातला 'आपल्या देशात परतण्याचा' हक्क तिथेच संपतो, कारण तो आता आपला देश उरत नाही. डिमोना किंवा अश्दोदमध्ये मराठी बोलणाऱ्या, मायबोली नावाचं मराठी नियतकालिक चालवणाऱ्या लोकांनाही भारतात यायला परवानगी लागू लागली.

२००५ नंतर परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, म्हणजे ओसीआय, आलं. नाव नागरिकत्वाचं असलं तरी तो आजन्म व्हिसा आहे. भारतीय वंशाच्या माणसाच्या पणतवंडांपर्यंत तो मिळू शकतो. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने ठरावीक कायदे मोडल्यास हे कार्ड रद्द करता येऊ लागलं, अर्थात आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मार्च २०२१च्या अधिसूचनेने पत्रकारिता, गिर्यारोहण, धर्मप्रसार आणि संशोधन यांसाठी कार्डधारकाला वेगळी विशेष परवानगी बंधनकारक केली. बीरशेबात जन्मलेली एखादी पनवेलकर आडनावाची मुलगी या कार्डावर कितीही वेळा रायगडात येऊ शकते, नातेवाइकांकडे राहू शकते, नोकरीही करू शकते. पण तिला आपल्या पणजीच्या गावातल्या तेल्यांच्या इतिहासावर, धर्मगुरूंनी मागितलेल्या त्या न सापडणाऱ्या पुराव्यांवर संशोधन करायचं असेल, तर आधी दिल्लीची परवानगी मिळवावी लागेल.